बारा प्रिंट आणि एक चिखल्या: प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

सुरू केलं एकदाचं. जेल रोडला नानांच्या हॉलमध्ये बसलो, कारण त्यांचा टीव्ही मोठा आणि वहिनींचा चहा चांगला. आम्ही सहा जण. नाना प्रेसमधून रिटायर झालेले, आयुष्य छपाईत गेलं त्यामुळे रंग जरा चुकला की त्यांना दाढ दुखल्यासारखं होतं. ताई शाळेत चित्रकला शिकवतात. मग डॉक्टर, म्हणजे दातांचे, सगळ्यात महाग लेन्स त्यांची. बँकवाले काका. बारक्या, कॉलेजात सेकंड इयरला, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान म्हणून बारक्या. आणि मी, मेडिकल चालवतो. नोंदवही मी लिहायची असं ठरलं कारण माझं अक्षर डॉक्टरांपेक्षा बरं आहे म्हणे.

प्लॅन असा की गुढीपाडव्याच्या आत बारा फोटो निवडायचे, नाशिकजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याचे आणि गोदाकाठचे, बारा बाय अठराचे प्रिंट काढून ताईंच्या शाळेत लावायचे. दर रविवारी प्रत्येकाने तीन फोटो आणायचे आणि बाकीच्यांनी त्यावर बोलायचं.

आजचं बोलणं म्हणजे, जबरदस्त, कडक, एक नंबर, वा डॉक्टर वा. तासाभरात चाळीस फोटो झाले आणि कुणालाच काही कळलं नाही. वर अर्धे फोटो व्हॉट्सॅपवरून आलेले, त्यात पिसं कुठली आणि पिक्सेल कुठले, शार्पनेसवर बोलायची सोयच नाही. पुढच्या वेळेपासून पेनड्राइव्हवर ओरिजिनल फाईल. आणि "मस्त" म्हणणाऱ्याने काय मस्त ते सांगायचं, नाहीतर पुढचा चहा त्याच्याकडून.

१२ जानेवारी, रविवार

पहाटे साडेचारला निघालो, चांदोरी, सायखेडा करत चापडगाव. निफाडची थंडी काय असते ते पेपरात दरवर्षी येतं, आज बोटांना कळलं, शटरचं बटण दाबलं गेलं की नाही ते बघावं लागत होतं. सात वाजेपर्यंत पाण्यावर धुकं, नुसते आवाज, वारकरी पक्ष्यांचं तुटक ओरडणं आणि लांबून चक्रवाकांचं ते नाकातून बोलल्यासारखं आँग आँग.

बारक्या पहिल्यांदा आला होता म्हणून नाना त्याला सांगत होते, गोदावरी आणि कादवा इथे भेटतात, बंधारा शंभर वर्षांहून जुना, त्यामागे गाळ साचत गेला, गाळाची बेटं झाली, त्यावर पाणवनस्पती आल्या, आणि मग पक्षी आले. म्हणजे धरणाच्या हिशेबाने जे नुकसान तेच पक्ष्यांचं घर. १९८६ ला अभयारण्य झालं, जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलं. याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात ते सगळ्यांना माहितीय, तरी नाना सांगतातच.

साडेनऊनंतर पाण्यावर ऊन तापायला लागलं आणि लांबचं सगळं थरथरायला लागलं. डॉक्टरांनी मग तासभर तलवार बदकं काढली, सगळी मऊ, म्हणजे अस्पष्ट आली, आणि लेन्स सर्व्हिसला टाकायची म्हणाले. लेन्स बरोबर आहे हो, मधली हवा हलतीय. जवळचे पक्षी घ्या नाहीतर पोहे खायला चला.

संध्याकाळी बैठक. आणि इथे माझ्याकडून घाण झाली, ती नीट लिहून ठेवतो.

बारक्याचा फोटो, चमच्या. पक्षी फ्रेमच्या बरोब्बर मध्ये, छोटासा, थोडा हललेला. मी उठून टीव्हीपाशी गेलो आणि सुरू झालो. शटर १/२५० सेकंद ठेवलंस, हाताने धरून, हलणारच. मधोमध आहे. क्षितिज वाकडंय. पांढरा उडालाय, पिसांचा तपशीलच नाही. डोक्यामागून बाभळीची फांदी उगवलीय. टॉवरवरून काढलास म्हणून वरून खाली दिसतोय. आणि पाठमोरा आहे, पाठमोरा पक्षी कोण बघणार. सात गोष्टी, बोटांवर मोजून. शेवटी हसत म्हणालो, हा डिलीट मार रे. एकूण एक गोष्ट बरोबर होती. बारक्या हो काका, हो काका म्हणत राहिला आणि पेनड्राइव्ह काढून खिशात ठेवला. अजून दोन फोटो होते त्याचे, ते दाखवलेच नाहीत.

सगळे गेल्यावर नाना कप उचलता उचलता म्हणाले, "तू सात सांगितल्यास. त्यातली पुढच्या रविवारी त्याने कुठली बदलायची?"

मला उत्तर देता आलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

बारक्या आला नाही. परीक्षा आहे म्हणाला. जानेवारीत कसली परीक्षा.

संक्रांतीचा मांजा अजून झाडांवर लटकतोय, येवल्याकडे तर तीन दिवस पतंग चालतात. बंधाऱ्याजवळच्या बाभळीवरून बँकवाले काकांनी काठीने बराचसा ओढून काढला, नायलॉनचाच, बंदी असूनही. फोटोचा विषय नाही पण वहीत असू दे.

आज नानांच्या बगळ्यावर चर्चा. बगळा मान वर करून मासा गिळतोय, चोचीवरून पाण्याचे थेंब ओघळतायत, पण अंगावर नुसता पांढरा पुठ्ठा, एक पीस दिसत नाही. मी तोंड उघडणार तेवढ्यात ताई म्हणाल्या, "नाना, तुम्हाला यात काय दाखवायचं होतं?" नाना म्हणाले, थेंब. मग ताई म्हणाल्या की मग थेंब दिसतायत का बघू, आणि सगळे थेंब शोधायला लागले, ते पांढऱ्या मानेवर हरवलेले. म्हणजे पांढरा उडाला ही चूक वेगळी सांगायलाच लागली नाही, त्यांच्या थेंबांमुळेच ती दिसली. उपाय सोपा, गडद पाण्यावर पांढरा पक्षी असला की कॅमेरा अख्ख्या फ्रेमचा सरासरी उजेड बघून फोटो उजळ करतो, तेव्हा एक्सपोजर एक स्टॉप खाली, म्हणजे उजेड निम्मा घ्यायचा आणि अति पांढरा झालेला भाग दाखवणारं कॅमेऱ्यातलं हायलाइटचं लुकलुकणं चालू ठेवायचं. नानांनी त्यांच्या छोट्या डायरीत लिहिलं "पांढरा, उणे एक" आणि गप्प बसले. हे नानांचं मी पहिल्यांदाच नीट बघितलं. ते उत्तर देत नाहीत. पटलं नाही तरी लिहून घेतात, मग घरी जाऊन ठरवतात.

मी मात्र देतो. माझ्या कवड्या धीवर पक्ष्याच्या फोटोवर ताई म्हणाल्या की तो उजवीकडे बघतोय आणि उजवीकडे जागाच नाही, भिंतीला नाक लावून बसल्यासारखा वाटतो. मी लगेच, अहो पण उजवीकडे वायर होती, आणि तो दोन सेकंदच होता, आणि शेजारी डॉक्टर ट्रायपॉड लावून उभे, मला सरकताच येईना. ताई शांतपणे म्हणाल्या, "शाळेत प्रिंटखाली तुम्ही उभं राहून हे सगळं सांगणार का पोरांना?"

डॉक्टर इतके हसले की चहा सांडला.

२१ जानेवारी, मंगळवार

दुपारी दुकान भाच्याकडे देऊन पंचवटीत बारक्याच्या घरी गेलो. वडिलांची भाजीची गाडी आहे, आई घरी होती, मला बघून बिचारी घाबरली, काही झालं का म्हणून. म्हणलं नाही वहिनी, माझंच काम आहे त्याच्याकडे.

सॉरी म्हणालो. तो म्हणाला काका तुम्ही बरोबरच सांगत होता. म्हणलं बरोबर होतं पण उपयोगाचं नव्हतं. मग त्याला म्हणलं निवडलेले नको, त्या दिवशीचं अख्खं कार्ड दाखव.

कॅमेरा सेकंडहँड, लेन्स ५५-२५० मिमी, म्हणजे लांबचं फार जवळ न आणणारी. आम्ही सगळे ६०० घेऊन फिरणारे, आणि हा २५० मध्ये आमच्यासारखाच फोटो काढायला बघत होता, पक्षी फ्रेमभर आला पाहिजे म्हणून. तो येणार कसा. कार्डावर चारशेच्या वर फ्रेम, त्यात मध्येच एक, लेन्स पूर्ण मागे घेतलेली, ५५ वर. धुकं, खाली पाण्याची राखाडी पट्टी, त्यात एका रांगेत चमचे डावी-उजवीकडे चोची हलवत पुढे चाललेत, आणि पलीकडे कोळ्याची होडी, माणूस उभा, त्याचंही जाळं त्याच दिशेला वाकलेलं. पक्षी तांदळाएवढे. मी बराच वेळ बघत बसलो. हा का नाही आणलास म्हणलं तर म्हणे, "पक्षी लहान दिसतोय ना काका."

त्याला एकच गोष्ट सांगून आलो. पुढच्या वेळी झूम मागे घेऊन दहा फोटो आण, पक्षी कुठे राहतो ते दाखव. शटरबिटर नंतर बघू.

आईने येताना पिशवीभर मेथी दिली, पैसे घेतले नाहीत.

२ फेब्रुवारी, रविवार

बारक्या आला. कोपऱ्यात बसला, पण आला. दहा फोटो आणले होते, त्यातले दोन चांगले आहेत. दुसऱ्यांच्या फोटोवर मात्र अजून काही बोलत नाही, विचारलं की छान आहे म्हणतो, आणि नियमाप्रमाणे चहा त्याच्या नावावर चढतो.

डॉक्टरांचा खंड्या. एवढी महाग लेन्स, उजेड उत्तम, आणि घरी जाऊन त्याला असा काही घासलाय की प्लास्टिकचा झालाय. पाठीचा निळा शाईसारखा, अंगाभोवती पांढरी रेघ, डिनॉइज, म्हणजे फोटोतले दाणे पुसणं, एवढं की छातीवरची पिसं गायब. सांगायचं कसं. डॉक्टर म्हणे दवाखान्यात लावलाय, सगळ्या पेशंटना आवडतो. बँकवाले काका पुटपुटले, पेशंटचं तोंड उघडं असतं, बोलणार काय.

नानांनी युक्ती केली. म्हणाले डॉक्टर, याची मूळ फाईल आहे का, मला जरा रंग शिकायचाय. मग टीव्हीवर दोन्ही शेजारी शेजारी लावले आणि कुणी काही बोललं नाही. मिनिटभराने डॉक्टर स्वतःच चष्मा कपाळावर सरकवून पुढे गेले आणि मूळ फाईलमधल्या छातीवर बोट ठेवून म्हणाले, इथे पिसं होती की.

एक हिशेब लिहून ठेवतो, सगळ्यांना लागेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो दोन्ही बाजूंनी अर्धा कापला की उरतात ६. बारा बाय अठराच्या प्रिंटला इंचाला २०० ठिपके धरले तरी ३६०० बाय २४०० लागतात, म्हणजे साडेआठच्या वर. तेव्हा कापाकापी करून मोठा केलेला पक्षी मोबाईलवर चालेल, शाळेच्या भिंतीवर मऊ पडेल. क्रॉप सांगणाऱ्याने आधी प्रिंटचा साइज विचारायचा.

१६ फेब्रुवारी, रविवार

बारापैकी सात नक्की. डॉक्टरांनी नवा खंड्या आणला, जवळजवळ हात न लावलेला. मस्त आहे, आणि काय मस्त तेही लिहितो: चोचीच्या मुळाशी चिखल लागलेला दिसतो.

२३ फेब्रुवारी, रविवार

बैठक नाही. तीन घरी तीन लग्नं.

९ मार्च, रविवार

पाणी खूप खाली गेलंय. बदकं बरीचशी गेली. ऊन आठलाच चटका देतंय. नदीच्या कडेला वाळू-गोट्यांचा मोठा पट्टा उघडा पडलाय, तिथे मी आणि बारक्या उतरलो.

आणि मला मिळाला! छोटा कंठेरी चिखल्या, चिमणीहून थोडा मोठा असेल, डोळ्याभोवती ती पिवळी रिंग, गळ्यात काळा पट्टा. आमच्यासमोर दहा-बारा पावलांवर आला, एक पंख जमिनीवर पसरला, शेपटी पंख्यासारखी उघडली आणि असा वाकडा होऊन फिरायला लागला, थोडा पुढे जायचा, परत पसरायचा. मी पोटावर पडून काढत राहिलो, डोळ्याच्या लेव्हलला, मागे सगळं मऊ सोनेरी. १/२०००, एकेक पीस वेगळं. बारक्या मागे उभा होता, त्याने कॅमेरा उचललाच नाही, दोनदा म्हणाला काका चला ना. म्हणलं थांब रे, असा नाच परत मिळत नाही.

संध्याकाळी टीव्हीवर लावला तेव्हा हॉल गप्प झाला. डॉक्टर म्हणाले हा मुख्य फोटो, दारातच लावायचा. ताईंनी कंपोझिशनला काही नाव ठेवलं नाही, माझ्या बाबतीत हे पहिल्यांदाच. मी घरी येऊन कॅप्शनपण लिहिलं, "वाळूवरचा नाच". आपलं आपल्यालाच बरं वाटत होतं.

१६ मार्च, रविवार

चापडगावला आमचे नेहमीचे गाईडभाऊ भेटले. चहा घेता घेता मी मोबाईल पुढे केला, कौतुक ऐकायलाच, खोटं कशाला बोलू. त्यांनी मोबाईल हातात घेतला, उन्हाकडे पाठ करून सावली धरली, दोन बोटांनी मोठा केला. पक्ष्याकडे नाही, त्याच्या चोचीकडे बघत होते, चोच उघडी होती.

"भाऊ, हा नाचत नाही. याची अंडी असतील तिथं. पंख मोडल्याचं सोंग घेतोय, तुम्ही त्याच्यामागं यावं म्हणून. किती वेळ होते?"

पंधरा-वीस मिनिटं, म्हणालो.

ते काही बोलले नाहीत. चहा संपवून म्हणाले, "ऊन होतं का?"

ऊन होतं. हे पक्षी घरटं असं बांधत नाहीत, गोट्यांमध्ये एक उथळ खळगी आणि त्यात बहुतेक वेळा चार अंडी, गोट्यांच्याच रंगाची ठिपकेवाली, पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. नर-मादी आळीपाळीने बसतात, आणि उन्हाळ्यात उबेपेक्षा सावलीसाठी बसणं जास्त महत्त्वाचं, कारण तापलेल्या वाळूत उघडी अंडी शिजतात. म्हणजे मी पोटावर पडून एकेक पीस शार्प करत होतो तेवढा वेळ ती अंडी उन्हात. हे सगळं मला वाचून माहिती होतं. तुटल्या पंखाचं सोंगही माहिती होतं. समोर दिसल्यावर मात्र मला नाच दिसला.

माझ्या तोंडात वाक्यं तयार होती, लेन्स ६०० ची होती, मी लांबच होतो, तोच जवळ आला. ताईंचं ते प्रिंटखाली उभं राहायचं आठवलं आणि गिळली. त्या पट्ट्याकडे परत जाऊन बघूया का म्हणालो, तर गाईडभाऊ म्हणाले, आता तेवढं तरी नका करू.

परत येताना गाडीत बारक्या शेजारी. ओझरकडून येणाऱ्या ट्रकांची रांग होती, बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला.

"काका, मला त्याच दिवशी वाटलं होतं. ती चोच उघडी होती, आणि तुम्ही मागे सरकलात की तो उठून नीट चालायचा, पुढे सरकलात की परत पडायचा. मी दोनदा बघितलं."

"मग बोलला का नाहीस संध्याकाळी?"

खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्हाला काय सांगणार. मला वाटलं माझंच चुकत असेल, सात-आठ गोष्टी निघतील परत."

सात त्याच्या लक्षात होत्या.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी, म्हणजे रंगाचे जुने हौद, उघडल्या, भाच्याने उडी मारली आणि केशरी होऊन दुकानात आला, औषधांच्या खोक्यांवर हाताचे ठसे. रात्री चिखल्याची फोल्डर उघडली, दोनशे बारा फ्रेम. एका ओळीने बघत गेलो. बारक्या म्हणतो ते खरंय. मी हललो की तो पडतो, मी थांबलो की तो उठून उभा आणि मान वळवून मागे बघतोय, सारखा एकाच जागेकडे. मी त्या फ्रेम "पाठमोरा" म्हणून बाद केल्या होत्या.

२३ मार्च, रविवार

शेवटची निवड. चिखल्यावर दीड तास. डॉक्टर म्हणाले लावायचा, झालं ते झालं, फोटो चांगला आहे. ताई म्हणाल्या लावू, पण खाली खरं लिहू, पोरांना कळेल तरी. बँकवाले काका डळमळीत. नानांचं म्हणणं वेगळं होतं: खाली काहीही लिहा, भिंतीवर लागला की बघणाऱ्याला असाच फोटो पाहिजे होणार, आणि तो मिळवायचा तर अंड्यांपाशीच जावं लागणार. ताईंना हे पूर्ण पटलं नाही, मलाही अर्धंच पटलं, कारण न दाखवता सांगणार कसं हा प्रश्न राहतोच. पण फोटो माझा होता, मी काढून घेतला. घरट्यांचे आणि अंड्या-पिल्लांजवळचे फोटो यापुढे बैठकीतच आणायचे नाहीत असं ठरलं.

आज बारक्याला मुद्दाम पहिलं बोलायला लावलं, सगळ्यात लहान आधी, मग वरच्या क्रमाने, नाना शेवटी. डॉक्टरांनी एकदा बोलून टाकलं की मागचे सगळे त्याच सुरात जातात हे इतक्या रविवारांत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्या शेकाट्याच्या फोटोवर तो म्हणाला, काका पाण्यातलं प्रतिबिंब पायापाशी कापलं गेलंय, पाय एवढे लांब आहेत तर पूर्ण दिसायला पाहिजे होते ना. कान लाल झाले होते त्याचे. मी डायरी नव्हती आणली म्हणून तळहातावर लिहून घेतलं.

रिकाम्या झालेल्या जागेवर धुक्यातले चमचे लागले. कुणीही हरकत घेतली नाही.

२६ मार्च, बुधवार

प्रिंट आले. सगळे स्क्रीनपेक्षा काळपट, नाना आधीच ओरडत होते की टीव्हीचा ब्राइटनेस फुल्ल ठेवून एडिट करू नका. चार परत काढावे लागले, खर्च वाटून घेतला.

२९ मार्च, शनिवार

अमावास्येला कुठे उद्घाटन असतं का म्हणून बँकवाले काका कुरकुरले, पण उद्या पाडवा, शाळेला सुट्टी, मग आजच. उद्घाटन वगैरे काही नाही, ताईंनी पोरांना रांगेत आणलं आणि सोडून दिलं.

पोरं खंड्यापाशी गर्दी करतील असं वाटलं होतं, तशी केलीच. पण पाचवी-सहावीतली एक मुलगी चमच्यांसमोर बराच वेळ उभी, नाक जवळजवळ काचेला. बारक्या तिच्या मागे, हाताची घडी घालून, मी लांबून बघत होतो. ती वळून त्याला म्हणाली, "दादा, खाली दहा लिहिलंय. अकरा आहेत. एक होडीच्या मागे आहे, त्याची फक्त चोच दिसते."

बारक्या वाकला. मग अजून वाकला. मग माझ्याकडे येऊन पेन मागितलं आणि खाली दहाचे अकरा केले.